तळटीप : अण्णाभाऊ साठे

* येथे अभिप्रेत असलेले लेखक म्हणजे ‘फकिरा’कार तुकाराम भाऊराव साठे (१९२०–१९६९). तत्कालीन सातारा जिल्ह्यातील वाटेगावी, ज्या मातंग समाजावर इंग्रजी अंमलाने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्यात जन्मलेल्या, शाळेचे सुख जवळजवळ न लाभलेल्या आणि बालवयातच पायी मुंबई गाठून पुढे गिरणीत राबलेल्या या पुरुषाची वाणी प्रथम तमाशाच्या फडावर सिद्ध झाली, हे त्यांच्या कादंबऱ्यांच्या अफाट खपामुळे विस्मृतीत जाते, आणि ते अन्यायाचे आहे. नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी उमेदवारी केली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. आणि गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमीला वंदन योजून ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगांतून सावकारशाहीस जाब विचारला. ‘फकिरा’ १९५९ची, तिला राज्य पुरस्कार १९६१चा. मात्र तमासगिरांच्या जीवनावरील ‘वैजयंता’ हे त्या फडावरील अनुभवाचे साक्षात अपत्य होय, असे आमचे मत आहे. — संपादक