पाव आला, पाव गेला

कामावरून घरी परतलेल्या माणसाच्या ताटात आजकाल एक नवा पदार्थ दिसू लागला आहे. खोलगट वाडग्यात तळाशी बारीक चिरलेली लेट्यूसची कुरकुरीत पाने, त्यावर तव्यावर खरपूस परतलेला गरम खिमा, बाजूला टोमॅटो, कांदा आणि आंबवलेल्या काकडीच्या चकत्या, वर किसलेले चीज आणि फिकट गुलाबी सॉसची धार. बर्गरमधले सगळे काही त्यात असते, फक्त पाव नसतो. अमेरिकेतील घरांत याला सरळ ‘बर्गर बाऊल’ म्हणतात आणि अर्ध्या तासात होणारे रात्रीचे जेवण म्हणून तो हमखास रांधला जातो. मराठी कानाला मात्र ‘पावाविना बर्गर’ हे शब्द ‘भाताविना वरणभात’ असे ऐकू येतात. त्यात नवल नाही. १९९६ साली मॅक्डोनल्ड्सची पहिली दुकाने दिल्ली आणि मुंबईत उघडली, तीच मुळी गोमांस वगळून. आपल्यापर्यंत बर्गर आला तो बटाट्याच्या टिक्कीचा किंवा कोंबडीचा. आत काय आहे ते बदलत राहिले, बाहेरचा पाव तेवढा कायम राहिला. म्हणून आपल्या लेखी पाव म्हणजेच बर्गर. पण या पदार्थाच्या वाटेने आपण मागे चालत गेलो, तर उलटाच प्रकार दिसतो. मांस आधीपासून आहे, पाव फार उशिरा आला.

ही वाट आपण रोमपासून धरू. एपिसियसच्या नावाने ओळखला जाणारा, साधारण चौथ्या-पाचव्या शतकात संकलित झालेला लॅटिन पाककृतींचा एक संग्रह आहे. त्यात ‘इसिसिया ओमेंताता’ नावाची कृती सापडते. कुटलेले मांस, मिरी, माशांपासून केलेले खारट द्रव्य आणि पाइनच्या बिया एकत्र करून, त्याचे गोळे चरबीच्या पातळ जाळीत गुंडाळून भाजायचे. या कृतीत पावही आहे, पण तो मांसाच्या बाहेर नसून आत आहे. वाइनमध्ये भिजवलेला पावाचा गर मांसात कालवायचा, म्हणजे गोळा मऊ राहतो आणि पुरवठ्यालाही येतो. आपल्याकडे खिम्याचे कटलेट करताना भिजवून पिळलेला पाव घालतात, तो याच हिशेबाने. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांचे ‘द आर्ट ऑफ कुकरी’ हे पुस्तक गाजले. ते प्रथम १७४७ साली निघाले आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत ‘हॅम्बर्ग सॉसेज’ची कृती आली. खिमा आतड्यात भरून धुरावर टांगायचा आणि खाताना भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर ठेवायचा. हॅम्बर्ग, खिमा आणि पाव हे तिघे येथे एका पानावर भेटतात. तरीही ही भेट ओझरतीच ठरली, कारण पाव येथे मांसाच्या खाली बशीसारखा पडून आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील हॅम्बर्ग हे बंदर युरोप सोडून निघालेल्या लाखो माणसांचा उंबरठा झाले. १८४७ साली तेथे हॅम्बर्ग-अमेरिका जहाज कंपनी स्थापन झाली आणि जर्मन स्थलांतरितांचा ओघ न्यूयॉर्ककडे वाहू लागला. त्यांच्याबरोबर खिम्याच्या चपट्या वड्याही समुद्रापार गेल्या. न्यूयॉर्कच्या खानावळींत ‘हॅम्बर्ग स्टेक’ हे नाव रूढ झाले. चिरलेले किंवा दळलेले गोमांस, त्यात कांदा, मीठ, मिरी, त्याची जाड वडी करून भाजायची आणि बशीत वाढायची. हाताने फिरवण्याची खिमा यंत्रे त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त झाली, तेव्हा सुरीने तासभर मांस बारीक चिरण्याचे कष्ट वाचले आणि हा पदार्थ साध्या घरांत शिरला. मेरी लिंकन यांच्या १८८४ सालच्या ‘बॉस्टन कुक बुक’मध्ये हॅम्बर्ग स्टेकला जागा मिळाली आहे. हा स्टेक बशीत बसून, काट्या-सुरीने खाण्याचा होता. आजचा वाडगा पाहून आपल्याला जे नवे वाटते, ते १८८४ साली नेहमीचे होते.

याच काळात एक वेगळी धारा वाहत होती, ती वैद्यकाची. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ लठ्ठपणाने त्रासले होते. विल्यम हार्वी या शल्यवैद्याच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर यांना फाटा दिला, वजन उतरवले आणि १८६३ साली स्वतःचा अनुभव एका पुस्तिकेत छापून लोकांसमोर ठेवला. ती पुस्तिका इतकी खपली, की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याच्या क्रियापदाला आजही ‘बांता’ म्हणतात. अटलांटिकच्या पलीकडे डॉ. जेम्स सॉल्सबरी हे त्यांच्याही पुढे गेले. अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांना जडणारा जुलाबाचा विकार त्यांनी जवळून पाहिला होता. पिष्टमय पदार्थ आणि भाज्या पोटात आंबतात व विष निर्माण करतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर उपाय म्हणून चरबी व शिरा काढून टाकलेल्या गोमांसाच्या लगद्याच्या वड्या भाजून दिवसातून तीनदा खाव्यात आणि त्याआधी गरम पाणी प्यावे, असे त्यांनी १८८८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले. त्यांचा सिद्धान्त टिकला नाही, पण ‘सॉल्सबरी स्टेक’ हे नाव टिकले. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे नकोशी झाली, तेव्हा हॅम्बर्गला बाजूला सारून हे नाव आणखी पुढे आले. आहारशास्त्राच्या नावाने पाव नाकारून खिमा खाणारा मनुष्य अशा रीतीने बर्गर रूढ होण्याआधीच जन्मला होता.

मग पाव आला कशासाठी? याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळत नाही, ते जत्रेत मिळते. विस्कॉन्सिन राज्यातील सिमोर या गावचे लोक सांगतात, की १८८५ सालच्या जत्रेत चार्ली नॅग्रीन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा मांसाचे गोळे विकत होता. लोकांना जत्रेत हिंडायचे होते आणि गरम, ओघळणारा गोळा हातात धरून हिंडता येत नव्हते. त्याने गोळा चपटा केला आणि पावाच्या दोन तुकड्यांत दाबला. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे लुई लॅसन यांनी १९०० साली घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला खिम्याची वडी भाजलेल्या पावात घालून दिली, असा दुसरा दावा आहे. १९०४ सालच्या सेंट लुईच्या जागतिक मेळ्याकडे बोट दाखवणारेही पुष्कळ आहेत. पहिला मान कोणाचा, हा वाद मिटणारा नाही. आपल्याला महत्त्वाचे आहे ते या साऱ्या कथांमधले साम्य. प्रत्येक कथेत खाणारा उभा आहे, चालतो आहे किंवा घाईत आहे. पाव चवीसाठी आला नाही, तो मूठ म्हणून आला. गरम तव्याला सांडशी लागते, तसा गरम खिम्याला पाव लागला.

या मुठीला खरा आकार मिळाला तो कॅन्ससमधील विचिटा शहरात. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण चव्हाट्यावर आणली होती. त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला, तरी दळलेल्या मांसावरचा लोकांचा अविश्वास गेला नव्हता. वॉल्टर अँडरसन हे १९१६ पासून विचिटात बर्गर विकत होते. तव्यावर वडी दाबून पातळ करणे आणि खास तिच्या मापाचा गोल बन वापरणे, या दोन गोष्टींचे श्रेय त्यांना दिले जाते. १९२१ साली बिली इंग्राम यांच्या भागीदारीत त्यांनी ‘व्हाइट कॅसल’ सुरू केले. नावातच पांढरा रंग, दुकानही पांढरेशुभ्र, सारे काही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आणि किंमत ५ सेंट. पुढे १९४८ साली कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनल्ड बंधूंनी आपल्या स्वयंपाकघराचा कारखाना केला. ताटे, काटे, सुऱ्या हद्दपार झाल्या. मोटारीतून आलेला माणूस पुडक्यातून बर्गर काढून खाऊ लागला. बशीतला स्टेक तोपर्यंत मागे पडला होता.

पण पावाच्या या राजवटीत एक मोलाची गोष्ट घडली, ती विसरून चालणार नाही. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत हळूहळू सोबती गोळा झाले. फ्रेंच कंपनीची पिवळी, सौम्य मोहरी १९०४ साली त्याच सेंट लुईच्या मेळ्यात लोकांसमोर आली. केचप हाइन्झने १८७६ पासूनच बाटलीत भरला होता. प्रक्रिया केलेल्या चीजचे एकस्व जेम्स क्राफ्ट यांना १९१६ साली मिळाले आणि १९३५ साली डेन्व्हरच्या लुई बॅलास्ट यांनी ‘चीजबर्गर’ या शब्दावर हक्क सांगितला. आइसबर्ग लेट्यूसचे बियाणे बर्पी कंपनीने १८९४ साली बाजारात आणले होते, पण बर्फात दाबून रेल्वेने कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे ती पाठवणे १९२०च्या दशकात जमले, तेव्हा ती साऱ्या देशाची झाली. १९६७ साली पेनसिल्व्हेनियातील युनियनटाउन येथे जिम डेलिगाटी यांनी ‘बिग मॅक’ विकायला काढला आणि त्याच्या गुलाबी, आंबटगोड सॉसने या सोबत्यांची मांडणी पक्की केली. तुरट, आंबट, खारट, गोड, कुरकुरीत असा हा मेळ बशीतल्या हॅम्बर्ग स्टेकला कधीच लाभला नव्हता. आजच्या वाडग्यात जे पडते, ते या मधल्या जागेतले.

पावाकडे मुळीच न वळलेल्या शाखाही होत्या. जपानने हॅम्बर्ग स्टेक ‘हाम्बागु’ म्हणून स्वीकारला आणि सॉस घालून भाताबरोबर वाढला. हवाई बेटांवरील हिलो गावात १९४९ च्या सुमारास लिंकन ग्रिल या खानावळीत तरुण मुलांसाठी एक स्वस्त पदार्थ तयार झाला. वाडग्यात भात, त्यावर बर्गरची वडी, वरून तपकिरी रस्सा. नाव पडले ‘लोको मोको’ आणि वर अर्धकच्चे अंडे नंतर आले. आज ज्याला बर्गर बाऊल म्हणतात, त्याचा हा सख्खा पूर्वज, पण त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. आपल्याकडेही असाच क्रम दिसतो. बटाटावडा घरोघरी, लग्नकार्यांत नुसता खाल्ला जात होता. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो पावात घातला, असे मानले जाते. खाणारे होते गाडी पकडायला निघालेले गिरणी कामगार आणि चाकरमानी. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पावाने येथेही मुठीचेच काम केले. घरी पाहुणा आला, तर आजही आपण वडा बशीत देतो.

पाव पुन्हा बाहेर पडला तो बँटिंग आणि सॉल्सबरी यांच्याच वाटेने. १९७२ साली डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पिष्टमय पदार्थ टाळण्याचा आग्रह धरणारे पुस्तक आले आणि २००३-०४ च्या सुमारास त्या विचाराची अमेरिकेत लाट उसळली. कॅलिफोर्नियाच्या ‘इन-एन-आउट’ या बर्गरच्या साखळीत बनऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळलेला बर्गर ‘प्रोटीन स्टाइल’ म्हणून मागता येतो. ‘कार्ल्स ज्युनियर’ या दुसऱ्या साखळीनेही त्या लाटेत तोच मार्ग धरला. पण पान ही कच्ची मूठ आहे. दोन घासांत फाटते आणि सारे मनगटावर ओघळते. २००५ साली ॲटकिन्स यांची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लाट ओसरली. घरच्या स्वयंपाक्याने मात्र त्यातला साधा धडा उचलला. ज्याला मेजाशी बसून खायचे आहे, त्याला मूठ कशाला? पान चिरले, वाडग्यात टाकले, वर खिमा घातला, हाती काटा दिला.

आता आपण तव्याशी येऊ. वडी रसरशीत राहण्यासाठी चरबी लागते, म्हणून बर्गरचा खिमा साधारण पाचवा भाग चरबीचा घेतात. वाडग्यात सॉसचा ओलावा असल्याने कोंबडीचा किंवा कमी चरबीचा मटणखिमाही चालतो. चौघांसाठी अर्धा किलो पुरे. लोखंडी तवा चांगला तापवावा, खिमा पातळ पसरावा आणि तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नये. पाणी आटून खालची बाजू तपकिरी झाली, की मग उलथण्याने मोडावा. सतत ढवळल्यास खिमा आपल्याच पाण्यात शिजतो आणि खरपूसपणा येत नाही. कोंबडीचा खिमा कोठेही गुलाबी राहता कामा नये. मटणाला शिजायला दहा मिनिटे जास्त द्यावीत. तोवर काकडीच्या चकत्या व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत टाकून ठेवाव्यात. सॉससाठी चार चमचे मेयोनीज, दोन चमचे केचप, एक चमचा मोहरी आणि त्याच काकडीचे बारीक तुकडे एकत्र करावेत. लेट्यूस मिळाली नाही तर कोवळा कोबी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात बुडवून निथळावा. गरम खिमा वाढण्याच्या क्षणीच पानांवर घालावा, नाहीतर पाने मलूल होतात.

हे जेवण बसूनच करायचे आहे. उद्या सकाळी गाडी पकडताना खायचे असेल, तर उरलेला खिमा पावातच भरावा.