उंदरांचे हसू ऐकणारा शास्त्रज्ञ : याक पँक्सेप

माणसाच्या कानाला सुमारे वीस किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. प्रयोगशाळेतील उंदीर मात्र आपले बरेचसे बोलणे त्याहून वरच्या पट्टीत करतात. संकटाची चाहूल लागली किंवा मार बसला की ते बावीस किलोहर्ट्झच्या आसपास लांबट सूर काढतात, तर खेळताना पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास आखूड चिवचिव करतात. या चिवचिवाटाचा अर्थ काय, असा प्रश्न अमेरिकेतील ओहायो राज्यात बोलिंग ग्रीन येथे काम करणाऱ्या याक पँक्सेप या मेंदूशास्त्रज्ञाला पडला. १९९७ साली एके दिवशी त्यांनी आपले तरुण सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांच्यासह उंदरांना चक्क गुदगुल्या करून पाहिल्या. वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या यंत्रातून चिवचिवाट ऐकू येऊ लागला, आणि तो खेळताना होतो त्याहूनही अधिक होता.

मानेवर आणि पोटावर गुदगुल्या झालेले उंदीर पुन्हा त्याच हाताच्या मागे धावू लागले, त्या हाताशी झटापट करू लागले. एकटे ठेवलेले उंदीर अधिक चिवचिवत, पिल्ले प्रौढांपेक्षा अधिक. आसपास मांजराचा वास आला की सारे शांत. अधिक चिवचिवणाऱ्या उंदरांची निवडून पैदास केली तेव्हा काही पिढ्यांतच हा गुण वाढलेला दिसला. पँक्सेप यांनी या आवाजाला हास्याचे आदिम रूप म्हटले. त्यावर पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. यात नवल नाही. उंदीर घाबरतो असे लिहिण्यालाही ज्या शास्त्रात नाके मुरडली जात, तेथे उंदीर हसतो हे कोण मान्य करणार?

या विरोधामागे मोठा इतिहास आहे. प्राणी आणि माणूस यांच्या भावाविष्कारांतील साम्यावर डार्विनने १८७२ सालीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मानसशास्त्रावर वर्तनवादाची पकड बसली. जे मोजता येते ते वर्तन; मन ही बंद पेटी, तिच्याविषयी बोलणे अशास्त्रीय, असा तो दंडक होता. प्राण्याला सुख किंवा दुःख होते असे म्हणणे हा माणसाचे गुण त्याच्यावर लादण्याचा दोष ठरे. वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला विजेचा सौम्य झटका देऊन त्याला पाठ फुगवून फिसकारायला लावले होते, आणि मेंदूच्या या भागावरील संशोधनासाठी त्यांना १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. तरी त्या मांजराला खरोखर राग येतो की रागाचा नुसता आविर्भाव होतो, याविषयी वाद चालूच राहिला.

पँक्सेप यांचा जन्म ५ जून १९४३ रोजी एस्टोनियातील. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्य पुन्हा येऊ लागले तेव्हा त्यांचे कुटुंब देश सोडून निघाले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी बोलिंग ग्रीन विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. अखेरच्या काळात ते वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्राणिकल्याणविषयक अध्यासनावर होते. १८ एप्रिल २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने ‘भावनिक मेंदूविज्ञान’ या शाखेला नाव आणि आकार दिला.

त्यांची भूमिका थोडक्यात अशी : सर्व सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या खोल, प्राचीन भागांत सात मूलभूत भावनायंत्रणा जन्मजात असतात. शोध, क्रोध, भय, कामवासना, वात्सल्य, विरहशोक आणि क्रीडा. यांची इंग्रजी नावे ते मुद्दाम मोठ्या लिपीत लिहीत. रोजच्या बोलीतले शब्द आणि मेंदूतील विशिष्ट यंत्रणा यांची गल्लत होऊ नये हा हेतू. विशिष्ट जागी विजेने उद्दीपन केले की ठराविक भाववर्तन उमटते, हा पुरावा होताच. पण पँक्सेप यांचा भर पुढच्या गोष्टीवर होता. कळ प्राण्याच्याच हाती दिली, तर काही जागांचे उद्दीपन तो पुन्हा पुन्हा मागतो आणि काहींचे तातडीने बंद करतो. प्राण्याला त्यातून काहीच जाणवत नसेल, तर ही निवड तो कशाच्या आधारे करतो?

यांपैकी ‘शोध’ यंत्रणेचा उलगडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी १९५४ साली दाखवले होते की मेंदूच्या काही भागांत विद्युतअग्र बसवलेले उंदीर ती कळ अथक दाबत राहतात. या भागाला ‘सुखकेंद्र’ हे नाव पडले आणि ते लोकांच्या तोंडी रुळले. पँक्सेप यांनी प्राण्यांकडे नीट पाहिले, तेव्हा तृप्त प्राण्याची निवांत मुद्रा त्यांना दिसली नाही. उंदीर हुंगत होते, कोपरे धुंडाळत होते, काहीतरी आता सापडेल अशा अधीरतेत होते. म्हणजे डोपामाइनवर चालणारी ही यंत्रणा उपभोगाच्या तृप्तीची नसून आशेची, उत्सुकतेची, धडपडीची आहे. अन्न मिळण्यापेक्षा ते मिळण्याच्या वाटेवर ती अधिक जागी असते.

विरहशोकावरील काम त्याहून जुने. अफूच्या व्यसनात आणि जिव्हाळ्याच्या नात्यात साम्य असावे, असा अंदाज त्यांनी १९७० च्या दशकात बांधला. आईपासून दूर केलेली कुत्र्याची पिल्ले केविलवाणी रडतात. गुंगी येणार नाही इतक्या अल्प प्रमाणात मॉर्फिन दिले की हे रडणे थांबते, असे त्यांच्या गटाने १९७८ साली प्रसिद्ध केले. कोंबडीच्या आणि गिनीपिगच्या पिल्लांतही असेच आढळले. आईच्या सहवासात मेंदू स्वतःच अफूसदृश द्रव्ये स्रवतो आणि वियोगात ती आटतात, असा त्याचा अर्थ. १९९१ साली पँक्सेप यांची किशोरवयीन मुलगी मद्यधुंद चालकाने घडवलेल्या मोटार अपघातात मृत्युमुखी पडली. आपल्या ग्रंथात त्यांनी हे दुःख लपवलेले नाही.

भावना मेंदूच्या खालच्या थरांत वसते, या म्हणण्याची कसोटी त्यांनी आणखी एका प्रयोगाने घेतली. नवजात उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल, म्हणजे विचाराचे आसन मानला जाणारा वरचा थर, शस्त्रक्रियेने काढून टाकले. ही पिल्ले मोठी होऊन मस्तीत कुस्ती खेळत. विद्यार्थ्यांपुढे असा एक उंदीर आणि एक धडधाकट उंदीर ठेवून कोणता कोण ते ओळखायला सांगितले असता बहुतेकांची फसगत झाली. बाह्यपटल नसलेला उंदीर अधिक चळवळ्या, म्हणून तोच त्यांना धडधाकट वाटला.

अर्थात हे सारे सर्वमान्य झालेले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाचे जोसेफ लेडू यांचे भयावरील संशोधन प्रसिद्ध आहे. तेच आता म्हणतात की धोक्याला प्रतिसाद देणारी यंत्रणा आणि भीतीची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी असून, जाणिवेसाठी बाह्यपटल हवे. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या मते तर भावना तयार साच्यातून निघत नाहीत. मेंदू पूर्वानुभव, भाषा आणि संकल्पना यांच्या आधारे त्या त्या क्षणी त्या घडवतो. उंदराला विचारता येत नाही, ही अडचण खरीच आहे. पण मग तोच निकष न बोलणाऱ्या तान्ह्या मुलाला लावायचा का, याचे समाधानकारक उत्तर या टीकाकारांकडून मिळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ७ जुलै २०१२ रोजी केंब्रिज येथे प्राण्यांच्या जाणिवेविषयीचे जाहीरनामापत्र संमत झाले. ते तयार करणाऱ्यांत पँक्सेप होते.

वाद केवळ तात्त्विक नाही, कारण औदासीन्यावरील औषधांची पारख प्राण्यांवरच होते. उंदरांच्या चिवचिवाटाचा मापक म्हणून उपयोग करून पँक्सेप आणि बर्गडॉर्फ यांच्या सहकाऱ्यांनी रॅपास्टिनेल हे औषध पुढे आणले. माणसांवरील अंतिम टप्प्याच्या चाचण्यांत ते २०१९ साली अपयशी ठरले. याउलट, उपचारांना दाद न देणाऱ्या औदासीन्यात ‘शोध’ यंत्रणेच्या मज्जातंतूंचे खोल उद्दीपन करण्याच्या बॉन येथील प्रयत्नांना प्रारंभी उत्साहवर्धक यश आले. अत्यल्प ब्युप्रेनॉर्फिनने आत्महत्येचे विचार कमी होतात का, याची इस्रायलमध्ये झालेली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणीही थेट त्या रडणाऱ्या पिल्लांपासून निघालेली. तीत लाभ दिसला, मात्र रुग्णसंख्या मोठी नव्हती.

प्रयोगशाळांतील वागणूकही थोडी बदलली आहे. उंदरांना हाताळताना त्यांची धास्ती कमी व्हावी म्हणून गुदगुल्यांची ठराविक पद्धत पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी तपासली आणि इतरांना शिकवली.

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील मिखाएल ब्रेख्त यांच्या गटाने २०१६ साली हा धागा पुन्हा हाती घेतला. गुदगुल्या होताना उंदराच्या स्पर्शसंवेदी बाह्यपटलातील पेशी उद्दीपित होतात आणि त्याच पेशींना विजेने चेतवले तरी उंदीर चिवचिवतो, असे त्यांना आढळले. उंच, उघड्या चौथऱ्यावर झगझगीत प्रकाशात ठेवलेल्या उंदरांत मात्र हा प्रतिसाद मावळला. पँक्सेप यांनी दुय्यम मानलेल्या बाह्यपटलाचाही या हास्यात वाटा असावा, असे यावरून दिसते. २०२३ साली याच गटाने मध्यमेंदूतील एका प्राचीन करड्या भागाचे काम तात्पुरते रोखून पाहिले, तेव्हा उंदरांचा खेळही मंदावला आणि गुदगुल्यांवरील चिवचिवही.