संचमान्यतेत नसलेली जागा

दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. तिथे काय किंवा नांदेडला काय, खेड्यातल्या हायस्कूलला गणिताचा आणि इंग्रजीचा मास्तर मिळायची मारामार होती. मानसशास्त्र शिकलेला माणूस आणायचा कुठून? शिफारस अहवालातच राहिली. आजही इथल्या एखाद्या अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, काढून पाहावी. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई अशा पदांचे रकाने सापडतील. मानसशास्त्रज्ञाचा रकानाच नाही, त्यामुळे ते पद रिक्त असल्याची तक्रारही कुणी करत नाही.

विद्या मात्र मराठीत केव्हाच आली होती. शाळेत मागे पडणारी मुले ओळखता यावीत म्हणून पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. तिचे मराठी आणि कानडी मुलांसाठीचे रूप व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली सिद्ध केले. ही बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. पण कामत धारवाडकडच्या मुलांना मातृभाषेत प्रश्न विचारत होते, तेव्हा नांदेड-लातूरची मुले निजामी राज्यात उर्दूतून शिकत होती. मातृभाषेतली शाळा हवी, हीच इथली लढाई होती. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्या लढाईतून १९२१ साली उभी राहिली. मुलाच्या मनाकडे बघायचे काम त्या काळी मास्तरांकडेच होते. बघणारे बघत, बाकीचे छडी चालवत.

नांदेडात एक नापास विद्यार्थी पुढे फार मोठा झाला. नरहर कुरुंदकर इंटरची परीक्षा एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. पदवी हातात नसतानाच ते १९५५ पासून प्रतिभा निकेतन शाळेत शिकवू लागले. बी.ए., एम.ए. नंतर झाले आणि त्यानंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपदही आले. नापासाचा शिक्का बसलेल्या तरुणाला वर्ग सोपवण्याइतका धीर त्या वेळच्या शाळेत होता. आज त्याच नांदेडात नीटसाठी दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसणाऱ्यांच्या वेगळ्या रिपीटर बॅच असतात. त्या बॅचमधल्या मुलांना कुरुंदकरांचा हा इतिहास कुणी सांगत असेल, असे वाटत नाही.

लातूरची गोष्ट जरा वेगळी आहे. १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुढे शाहूमध्ये प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात ते रूप घडले. त्याची कृती सोपी होती आणि दमवणारी होती: सुट्टीत जादा तास, बोर्डाच्या धर्तीवर पेपरामागून पेपर, तपासलेली उत्तरपत्रिका लगेच मुलाच्या हातात, चुकलेले गणित पुन्हा, परत पुन्हा. गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या शाळांच्या रांगेत लातूरची नावे दिसू लागली. फोटो छापून आले, पेढे वाटले गेले.

या पॅटर्नकडे नुसती घोकंपट्टी म्हणून बघणे अन्यायाचे होईल. ‘आम्ही मागास भागातले, आमच्याने व्हायचे नाही’ हा मराठवाड्याचा जुना न्यूनगंड होता. त्यावर इतक्या मोठ्या प्रमाणावर चाललेला दुसरा इलाज सापडणार नाही. मानसशास्त्रज्ञाने जे समजुतीने केले असते ते लातूरने मार्कांनी केले. औसा-निलंग्याचा, अहमदपूर-कंधारचा शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर होऊ शकतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. मात्र हा इलाज ज्यांना लागू पडला त्यांचेच फोटो लागले. ज्यांना पडला नाही त्यांची वही कुणी ठेवली नाही.

शिकलेले मानसतज्ज्ञ या भागात मोठ्या संख्येने आले ते शाळेसाठी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादमधली बावन्न गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली, बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली. वाचलेली माणसे पुढे कितीतरी दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हती. डॉ. मोहन आगाशे यांना लोक ‘घाशीराम’मधला नाना म्हणून ओळखतात, ते मनोविकारतज्ज्ञही आहेत. त्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांमध्ये काम केले. १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त या भूकंपाविषयी एक प्राथमिक अहवाल छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत एखादा मानसिक विकार आढळल्याचे त्यात नोंदले आहे.

मुलांचे काय झाले? भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला काम सुरू केले आणि तिथे शाळाही काढली. या संस्थेचे संस्थापक अप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. मुलाला घर, पोटाला जेवण, वर्गात बसायला जागा आणि रात्री घाबरून उठल्यावर जवळ कुणीतरी मोठे माणूस, एवढी व्यवस्था लागते हे या मंडळींना ठाऊक होते. पण ही सगळी व्यवस्था आपत्तीपुरती राहिली. तात्पुरत्या निवाऱ्याच्या शेड गेल्या, नवी गावे वसली; भूकंपाच्या पट्ट्यातल्या शाळांतही समुपदेशकाचे पद काही निर्माण झाले नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

नंतरची मदत आली ती परीक्षेच्या मांडवातून. फेब्रुवारी लागला की बोर्ड समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करते. लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हे जिल्हे येतात. समुपदेशनाचे हे काम बहुधा शिक्षकच आपली नोकरी सांभाळून करतात. हॉलतिकिटाची अडचण आणि पोटातला गोळा, दोन्ही एकाच फोनवर. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी राज्यभर कल चाचणी सुरू झाली आणि ती काही वर्षे चालली. चाचणीने कल सांगितला, पण त्या कागदावर घरी वडिलांशी बोलायचे कसे, हे सांगायला शाळेत माणूस नव्हता.

तोवर मुलांचा मुक्काम शाळेतून हलला होता. लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडचे बाबानगर, श्यामनगर, भाग्यनगर इथे कॉट बेसिसवर खोल्या, अभ्यासिका, खाणावळी असे गावात गाव वसले आहे. नाव कॉलेजात, दिवस क्लासमध्ये. खोलीत चार कॉट, भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, दाराशी डबा. रविवारी टेस्ट होते, मार्क पालकांच्या मोबाइलवर मुलाच्याही आधी पोहोचतात आणि संध्याकाळी फोन वाजतो: “बाळा, या वेळी कमी का पडले?” त्या बापाने शेत गहाण ठेवलेले असू शकते, म्हणून त्याचाही प्रश्न खोटा नाही. पोरगा दोन दिवस जेवला नाही, हे पहिल्यांदा लक्षात येते ते खाणावळीतल्या मावशींच्या, कारण डबा तसाच परत आलेला असतो. मावशी विचारतात, रागावतात, कधी घरी फोन लावतात. त्यापुढे काय करायचे, ते त्यांना कुणी शिकवलेले नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे, तो खाणावळीच्या भिंतीवर लावायला खर्च काहीच नाही.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, हा त्यातला एक. कोचिंग क्लासही त्यात आले. कोठारींच्या दहा शाळांमागे एक या हिशेबापेक्षा ही उडी मोठी आहे आणि लातूर-नांदेडच्या मोठ्या क्लासना एका माणसाचा पगार जड नाही. अडचण दुसऱ्या निर्देशाची आहे. मार्कांवरून बॅच शक्यतो वेगळ्या पाडू नयेत, असेही न्यायालयाने म्हटले आहे. इथे तर टेस्टच्या यादीवरून बॅच ठरते, बॅचवरून शिकवणारे सर ठरतात आणि वरच्या बॅचमधल्या नावांवर पुढच्या वर्षीचे फ्लेक्स लागतात.