दोमिंगादा : एका बचावपटूचे नाव, एका भीतीचा इतिहास

पोर्तुगीज भाषेत 'दोमिंगो' म्हणजे रविवार. ब्राझीलच्या फुटबॉलमधला 'दोमिंगादा' हा शब्द मात्र रविवारावरून आलेला नाही, तो एका माणसाच्या नावावरून आला आहे. आज तिथे एखाद्या बचावपटूने स्वतःच्याच गोलसमोर नको ते धाडस करून चेंडू गमावला की 'दोमिंगादा केली' असे म्हणतात. म्हणजे हा दोष दाखवणारा शब्द झाला. ज्याच्यावरून तो पडला, तो दोमिंगोस दा गिया मात्र १९३० च्या दशकातला दक्षिण अमेरिकेतला सर्वात नावाजलेला बचावपटू होता आणि आरंभी हा शब्द कौतुकाचाच होता.

दोमिंगोसचा जन्म १९१२ सालचा, रिओ दि जानेरोच्या पश्चिमेकडच्या बांगू या उपनगरातला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. म्हणजे त्याच्या जन्मापूर्वी अवघी चोवीस वर्षे. बांगू ही गिरणीची वस्ती. तिथल्या कापडगिरणीत यंत्रे चालवायला इंग्रज तंत्रज्ञ आले, त्यांनी सोबत फुटबॉल आणला आणि १९०४ मध्ये क्लब काढला. अकरा खेळाडू पुरे पडावेत एवढे इंग्रज गिरणीत नव्हते. मग कामगारांना संघात घेणे भाग पडले. १९०५ मध्ये फ्रान्सिस्को कारेगाल हा कृष्णवर्णीय विणकर बांगूकडून खेळला. रिओच्या उच्चभ्रू क्लबांत तेव्हा असे काही घडणे अशक्य होते. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, रिओच्या लीगने 'रंगाच्या' माणसांची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करण्यास मनाई केली, तेव्हा बांगू लीगमधून बाहेर पडला. यामागे केवळ उदात्तता होती असे मानायचे कारण नाही. कामगार वगळले तर संघच उभा राहिला नसता. तरीही क्लब बाहेर पडला, ही नोंद राहतेच.

दा गिया कुटुंबातले भाऊ एकामागून एक या क्लबकडून खेळले. थोरल्यांपैकी लादिस्लाव तर पुढे बांगूचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. धाकटा दोमिंगोस मात्र लहानपणी खेळायला घाबरत असे. उतारवयातल्या एका मुलाखतीत त्यानेच कारण सांगितले आहे : बांगूच्या मैदानावर एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूकडून फाउल झाला, कधीकधी तर तेवढेही घडले नाही, तरी त्याला तिथेच मार खाताना त्याने अनेकदा पाहिले होते. गोऱ्या खेळाडूचा धक्का खेळाचा भाग समजला जाई. काळ्याचा धक्का हा उद्धटपणा ठरे.

आणि बचावपटूचे तर कामच मुळी अडवण्याचे. आघाडीचा खेळाडू अंगाला अंग न लावताही नाव कमावू शकतो. बचावपटूला समोरच्याच्या अंगावर जावे लागते, खांदा द्यावा लागतो, पाय घालावा लागतो. मग ज्याला कोणाला हात लावायची सोय नाही, त्याने बचाव करायचा कसा?

उत्तर थोरल्या भावाने सुचवले. दोमिंगोस नाचायला चांगला होता. नाचतोस तसाच खेळ, असे त्याचे सांगणे होते. सांबाच्या 'मिउदिन्यो' नावाच्या प्रकारात पावले अगदी बारीक, जवळजवळ जमिनीला चिकटून पडतात आणि कंबर हलत राहते. हेच दोमिंगोसने मैदानात आणले. प्रतिस्पर्ध्याला तो भिडत नसे. जागा धरून उभा राही, कमरेच्या हेलकाव्याने हुलकावणी देई, चेंडू अलगद काढून घेई आणि तो दूर भिरकावून न देता स्वतःच्याच पेनल्टी क्षेत्रातून दोन-तीन जणांना चकवत शांतपणे बाहेर घेऊन येई. प्रेक्षकांचा श्वास अडके. ही मूळची दोमिंगादा. लोकांना तिच्यात राजसपणा दिसला. तिच्या तळाशी मार चुकवायला शिकलेल्या पोराची सावधगिरी होती, हे त्याच्याच तोंडून कळले नसते तर आज कोणी अंदाजही केला नसता.

१९२९ मध्ये तो बांगूच्या मुख्य संघात आला, १९३१ मध्ये ब्राझीलच्या. डिसेंबर १९३२ मध्ये मॉन्तेव्हिदेओत ब्राझीलने विश्वविजेत्या उरुग्वेला २-१ असे हरवले. दोन्ही गोल लिओनिदासचे, बचावात दोमिंगोस. सामन्यानंतर उरुग्वेच्या क्लबांनी दोघांनाही उचलले : लिओनिदास पेन्यारोलकडे गेला, दोमिंगोस नासिओनालकडे.

इथे पैशाचा प्रश्न येतो. ब्राझीलमध्ये तेव्हा खेळ कागदोपत्री हौशी होता. प्रत्यक्षात क्लब खेळाडूंना लपूनछपून पैसे देत आणि या ढोंगाला तिथे 'तपकिरी हौशीपणा' असे नाव पडले होते. हौशीपणाची पवित्रता जपण्याचा आग्रह नेमका कोणाच्या सोयीचा होता, हे १९२४ मध्ये उघड झाले होते. गरीब आणि कृष्णवर्णीय खेळाडू घेऊन वास्को द गामाने आदल्या वर्षी रिओची स्पर्धा जिंकली होती. त्यावर फ्लुमिनेन्से, फ्लामेन्गो, बोताफोगो अशा बड्या क्लबांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला आत यायचे तर बारा खेळाडू वगळा, अशी अट घातली. खेळाडूचा व्यवसाय काय, त्याला लिहिता-वाचता येते का, याची चौकशी हे त्यांचे हत्यार होते. रंगाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नव्हती. वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र क्लब आजही अभिमानाने मिरवतो.

अर्जेंटिना १९३१ मध्ये आणि उरुग्वे १९३२ मध्ये व्यावसायिक झाले. चांगले खेळाडू सीमेपलीकडे जाऊ लागल्यावर १९३३ मध्ये रिओनेही उघड पगार मान्य केला. रिओची पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली ती गिरणीच्या बांगूने. लादिस्लाव त्या संघात होता, दोमिंगोस मॉन्तेव्हिदेओत. त्याच्या वाट्याला दुसरे काही आले : नासिओनालकडून १९३३ चे उरुग्वेचे, वास्कोकडून १९३४ चे रिओचे आणि बोका ज्युनियर्सकडून १९३५ चे अर्जेंटिनाचे विजेतेपद. लागोपाठ तीन हंगाम, तीन देश. १९३४ च्या विश्वचषकात मात्र तो नव्हता. हौशी आणि व्यावसायिक गटांच्या भांडणात ब्राझीलने अर्धामुर्धा संघ इटलीला पाठवला आणि तो पहिल्याच सामन्यात स्पेनकडून ३-१ असा हरला.

१९३६ मध्ये त्याला फ्लामेन्गोने घेतले. बारा वर्षांपूर्वी बारा खेळाडूंना दार बंद करणाऱ्यांपैकी हाच क्लब! मतपरिवर्तनापेक्षा इथे तिकीटबारीचा वाटा मोठा असावा. दोमिंगोस आणि लिओनिदास यांच्यासारखे खेळाडू घेऊन फ्लामेन्गो बघता बघता सामान्य माणसाचा क्लब झाला.

मग १९३८ चा फ्रान्समधला विश्वचषक. ब्राझीलमध्ये रेडिओवरून थेट वर्णन ऐकू आले असा हा पहिलाच विश्वचषक. १६ जूनला मार्सेयमध्ये इटलीविरुद्ध उपांत्य सामना होता. लिओनिदास खेळत नव्हता. इटलीचा धिप्पाड आघाडीवीर पिओला आणि दोमिंगोस यांची सामनाभर झटापट चालली होती. उत्तरार्धात इटलीने आघाडी घेतली. त्यानंतर थोड्याच वेळात चेंडू दुसरीकडे असताना दोमिंगोसने पिओलाला लाथ मारली. जागा पेनल्टी क्षेत्रातली होती. चेंडू त्या वेळी खेळाबाहेर होता, मग पेनल्टी कशी, असा ब्राझीलचा आक्षेप होता. स्विस पंचांनी तो मानला नाही. मेआत्साने पेनल्टीवर गोल केला. शेवटी ब्राझीलचा एक गोल झाला, सामना २-१ असा गेला आणि इटली पुढे विश्वविजेता ठरली.

आयुष्यभर अंगाला अंग न लावण्याची विद्या घोटलेल्या माणसाची ही लाथ होती. भावाने शिकवलेले तो एका क्षणी विसरला आणि नेमका तोच क्षण साऱ्या देशाने रेडिओवर ऐकला. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे त्याच दिवसांत वर्तमानपत्रात लिहीत होते की ब्राझीलच्या खेळातले नृत्य, लवचीकता आणि अचंबा ही मिश्रवंशीय संस्कृतीची देणगी आहे. लेख गाजला, आजही उद्धृत होतो. त्यातले नृत्य आनंदाचे आहे. दोमिंगोसच्या आठवणीत त्याच नृत्याचे मूळ मैदानावरच्या मारात सापडते. दोन्ही खरे असू शकते. फ्रेरेंच्या लेखाला मिळालेली प्रसिद्धी दोमिंगोसच्या आठवणीला मिळाली नाही, एवढेच.

फ्लामेन्गोकडून त्याने १९३९, १९४२ आणि १९४३ साली रिओचे विजेतेपद मिळवले. १९४४ मध्ये तो साओ पाउलोच्या कोरिन्थियान्सकडे गेला आणि १९४८ मध्ये, छत्तिशीला टेकलेला असताना, परत बांगूत आला. दोमिंगादा आता नव्या बचावपटूंच्या पायात आली होती. पण त्यांना ती पेलली नाही. ते चेंडू घेऊन निघत आणि गमावत, समोर गोल उघडा पडे. शब्द तोच राहिला, अर्थ उलटला.

१६ जुलै १९५० रोजी माराकानावर ब्राझील उरुग्वेकडून हरला आणि विश्वचषक हातचा गेला. दोष आला तो गोलरक्षक बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल या तिघा कृष्णवर्णीयांच्या माथी, तिघेही बचावफळीतले. बार्बोसाला तो डाग मरेपर्यंत पुसता आला नाही. एप्रिल २००० मध्ये तो वारला. दोमिंगोस त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ मे रोजी.

दोमिंगोसचा मुलगा आदेमीर १९४२ साली जन्मला. तोही बांगूतूनच पुढे आला आणि साओ पाउलोच्या पाल्मेइरासकडून नऊशेहून अधिक सामने खेळला. वडिलांना लोक 'दिव्य गुरू' म्हणत, मुलाला नुसतेच 'दिव्य' म्हणू लागले. चेंडू पायाशी असताना तोही कधी घाईत दिसत नसे. फरक एवढाच की तो मधल्या फळीत खेळला. तिथे कोणाला अडवण्याची सक्ती नव्हती.