घर्षण कमी, झीज जास्त : कृत्रिम खुब्याची गोष्ट

ओल्या फरशीवर साबणाची वडी हलकेच ढकलली तर ती दूरवर घसरत जाते. रबरी चपलेचा तळ मात्र जमिनीला धरून राहतो. आता वर्गात विचारून पहा : या दोहोंपैकी आधी झिजते कोण? साबण महिनाभरात संपतो, चप्पल वर्षभर सहज टिकते. म्हणजे घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'घर्षणामुळे झीज होते' हे वाक्य आपण इतक्या वेळा शिकवतो, की घर्षण कमी झाले म्हणजे झीजही कमी होणार, असे आपण न तपासताच धरून चालतो. प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही लोकही याला अपवाद नाही. १९५८च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका अत्यंत हुशार शल्यविशारदाने हेच गृहीत धरले, आणि त्याची किंमत सुमारे ३०० रुग्णांना मोजावी लागली. पुढे जगभर रूढ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा जन्म याच चुकीतून झाला, म्हणून ही हकिकत शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

आपल्या खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसते. दोन्हीवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. संधिवाताने किंवा दुखापतीने हे अस्तर नाहीसे झाले, की हाडावर हाड घासू लागते आणि पाऊल टाकणेही असह्य होते. यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली हाडाच्या डोक्यावर काचेची टोपी बसवली. ती फुटे, म्हणून पुढे त्यांनी धातूची टोपी वापरली. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी १९४६ साली अॅक्रिलिकचे डोके बसवण्यास सुरुवात केली.

असेच अॅक्रिलिकचे डोके बसवलेला एक रुग्ण जॉन चार्नली (१९११-१९८२) यांच्याकडे आला. त्याचा सांधा चालताना करकरत असे. इतका, की घरच्यांना तो आवाज सहन होईना. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हसून सोडून दिले असते. चार्नलींना मात्र त्यात भौतिकशास्त्राचा प्रश्न दिसला. करकर म्हणजे घर्षण जास्त. मग निसर्गाच्या सांध्यात ते किती असते? शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या पायाचा ताजा सांधा घेऊन त्यांनी मोजमाप केले. घर्षणांक ०.०१३च्या आसपास निघाला. बर्फावरून सरकणाऱ्या स्केटचा घर्षणांकही याहून जास्त असतो! सांध्यातला द्रव कृत्रिम पृष्ठभागांना असे वंगण पुरवू शकत नाही, असेही त्यांचे मत झाले. म्हणून पदार्थच असा हवा, की जो मुळात निसरडा असेल.

त्या काळी ठाऊक असलेल्या घन पदार्थांत टेफ्लॉनचा निसरडेपणा सर्वांत उठून दिसणारा होता. शिवाय तो रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय. चार्नलींनी टेफ्लॉनची वाटी आणि पोलादी गोळा अशी जोडी केली. गोळाही पुढे २२ मिलिमीटर व्यासाइतका लहान केला. यामागचे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज समजेल. घर्षणाचे बल मध्यापासून जितक्या कमी अंतरावर लागेल, तितके त्याचे आघूर्ण कमी, आणि वाटी हाडातून सैल करणारा पीळही कमी. सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी त्यांनी दंतवैद्यकात वापरले जाणारे अॅक्रिलिक सिमेंट घेतले. हे सिमेंट चिकटवत नाही. भिंतीतल्या खिळ्याभोवती भरलेल्या मसाल्याप्रमाणे फटी भरून भार सगळीकडे वाटून देते.

सुरुवातीचे निकाल विलक्षण होते. वर्षानुवर्षे वेदनेने जखडलेली माणसे विनातक्रार चालू लागली. परंतु दोन-तीन वर्षांतच क्ष-किरणांच्या चित्रांत दिसू लागले, की गोळा वाटीत खोल रुतत चालला आहे. टेफ्लॉन वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने झिजत होते. गोळा लहान असल्याने सगळा भार थोड्या जागेवर येई, त्याचीही यात भर पडली. झिजून निघालेल्या कणांभोवती शरीरात गाठी होत आणि सांधा सैल पडे. रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागले. निसरडा पदार्थ टिकाऊ असेलच असे नाही, हे साबणाच्या वडीने रोज सांगितलेले सत्य इथे माणसांच्या हाडांत सिद्ध झाले.

चार्नलींचे रुग्णालय राइटिंग्टन येथे, लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या मुलखात होते. तिथल्या छोट्या कर्मशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ झीज मोजण्याच्या यंत्रावर काम करीत असे. १९६२ च्या मे महिन्यात यंत्रमागांसाठी प्लॅस्टिकची दंतचक्रे विकणारा एक विक्रेता तिथे आला. दंतचक्रांचा पदार्थ होता उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि ते निकामी ठरवले, असे सांगतात. नंतर ते परिषदेसाठी कोपनहेगनला गेले. क्रेव्हनने मात्र तो तुकडा यंत्रावर चढवलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, त्याहून हा पदार्थ तीन आठवड्यांत कमी झिजला होता! त्याचा घर्षणांक टेफ्लॉनपेक्षा जास्त होता, हे विशेष.

या वेळी चार्नलींनी घाई केली नाही. दोन्ही पदार्थांचे नमुने त्यांनी प्रथम स्वतःच्याच मांडीत बसवून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठी लागत होत्या, पॉलिएथिलीनच्या जागी काहीच जाणवत नव्हते. हा अनुभव त्यांनी १९६३ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नोव्हेंबर १९६२ पासून नव्या वाट्या रुग्णांना बसवण्यास सुरुवात झाली होती, पण कित्येक वर्षे आपल्याकडे प्रशिक्षण न घेतलेल्या शल्यविशारदांना ते हा सांधा मिळू देत नसत. नव्या वाटीची झीज वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर भरली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्षही उभारला. त्या आणि इतर उपायांनी संसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आत आले.

प्रश्न तिथे संपला नाही. पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कणही शरीरातल्या भक्षक पेशींना चेतवतात आणि भोवतालचे हाड विरघळू लागते, हे पुढे कळले. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रारणांच्या साहाय्याने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतवलेले, आणखी कमी झिजणारे पॉलिएथिलीन वापरात आले. तरीही पहिला धडा विसरला जातोच. धातूवर धातू घासणारे मोठ्या गोळ्याचे काही सांधे २०१० साली बाजारातून परत घ्यावे लागले, कारण त्यांच्यातून सुटणारे धातूचे कण शरीराला अपाय करीत होते. प्रयोगशाळेत ते उत्तम ठरले होते!

चार्नली आपल्या रुग्णांकडे एक विनंती करीत : मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला तपासायला द्या. अनेकांनी ती मानली. दहा-पंधरा वर्षे चालून आलेले ते सांधे पुन्हा मोजपट्टीखाली आले, म्हणूनच झिजेचे खरे आकडे हाती लागले. घर्षणाचा धडा शिकवून झाल्यावर साबण आणि चपलेचा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर चुकले तरी हरकत नाही. ते तपासायचे कसे, हे मात्र मुलांकडूनच काढून घ्यावे.