कवायतीपासून पिलाटेसपर्यंत

मेळाव्याच्या पूर्वतयारीच्या बैठकीत पहिला अर्धा तास मुलांच्या लग्नांवर गेला आणि पुढचा दीड तास गुडघे, कंबर, मणके आणि साखर यांवर. आपण १९८५ साली दहावीचा पेपर देऊन याच मैदानातून बाहेर पडलो होतो, हे त्या वेळी कुणाला खरं वाटलं नसतं. मेळाव्याच्या सकाळी सगळ्यांनी मिळून योगासनं करावीत, असं एकाने सुचवलं. एका मैत्रिणीने पुण्यातल्या लेकीकडे पाहिलेल्या पिलाटेसची गोष्ट काढली. त्यावर लगेच उत्तर आलं, "योग आपला हजारो वर्षांचा, आणि हे कालचं परदेशी फॅड. तुलना कशाला?" वाद वाढला, आणि संपादक मंडळाने माझ्याकडे बोट दाखवलं. "तू लातूरला इतिहास शिकवतेस ना, मग तूच लिही."

गेली दोन वर्षं मी दोन्ही करते आणि दोन्हींत अजून नवशिकीच आहे. तेव्हा हा लेख जाणकाराचा नाही. पण इतिहास उलगडून पाहिला, तर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनातली खंत थोडी हलकी होईल, असं वाटतं.

आधी 'हजारो वर्षां'बद्दल. योगाचा विचार प्राचीन आहे, यात शंका नाही. पण पतंजलीच्या योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रं आहेत. पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं सांगितली आहेत. सूर्यनमस्कार या दोन्ही ग्रंथांत नाही. आज आपण सतरंजी अंथरून, रांगेत उभं राहून, कुणाच्या तरी सूचनेबरोबर जो योग करतो, त्याला हे रूप येऊन साधारण शंभर वर्षं झाली आहेत. आणि ते घडवण्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजीन सँडो या प्रसिद्ध युरोपीय पहिलवानाची उपकरणं मागवून व्यायाम केला. पुढे तो सोडून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघालं. म्हणजे ज्या काळात पाश्चात्य व्यायाम इकडे येत होता, त्याच काळात आपला तिकडे जात होता.

दुसरं नाव स्वामी कुवलयानंदांचं. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. खानदेशात अमळनेरला ते शिक्षक होते, हे मला फार जवळचं वाटतं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. आसन करताना शरीरात नेमकं काय होतं, हे क्ष-किरण यंत्र लावून आणि दाब मोजून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला. मुंबई प्रांतातल्या शालेय शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही त्यांचा हात होता.

तिसरे बी. के. एस. अय्यंगार. जन्म १९१८. मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी लहानपण पोखरलेलं. १९३७ मध्ये ते शिकवायला पुण्यात डेक्कन जिमखान्यावर आले, तेव्हा वय अठरा. ज्याचं अंग वाकत नाही, त्याच्यासाठी पट्टा, लाकडी वीट, खुर्ची, भिंतीची दोरी वापरायची त्यांची पद्धत जगभर गेली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं.

आता ते 'कालचं फॅड' पाहू. जोसेफ पिलाटेस हे माणसाचं नाव आहे. जन्म जर्मनीत, १८८३ सालीच. म्हणजे कुवलयानंद आणि पिलाटेस एका वयाचे! हाही मुलगा अशक्तच होता. दमा आणि मुडदूस यांनी गांजलेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं, आणि पुढे आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. कोंडलेल्या माणसांनी जमिनीवर, थोड्याशा जागेत करायचे व्यायाम त्याने तिथे बसवले. खाटांच्या स्प्रिंगा वापरून आजाऱ्यांना पडल्या पडल्या व्यायाम दिला, असंही सांगतात. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तिथे पत्नी क्लारासह त्याने चालवलेल्या व्यायामशाळेत नर्तक-नर्तकींची गर्दी असे. आपल्या पद्धतीला तो स्वतः 'कंट्रोलॉजी' म्हणे. १९४५ च्या पुस्तकात त्याने जमिनीवरचे चौतीस व्यायाम दिले. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले, पिलाटेस १९६७ मध्ये. पुढे त्या नावाच्या मालकीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २००० साली न्यायालयाने हा शब्द सर्वांचा ठरवला. म्हणूनच आज कुठल्याही गल्लीत ती पाटी दिसू शकते.

मग हे सगळं आपल्यापर्यंत इतक्या उशिरा का आलं? याचं एक कारण आपल्या नकाशात आहे. औंध, लोणावळा, पुणे इथे हे प्रयोग चालले होते, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई प्रांतातल्या आखणीचा आपल्याशी संबंध नव्हता. इथे खासगी शाळा आणि आखाडे यांवर सरकारची करडी नजर असे. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने हैदराबादेत सत्याग्रह केला, तेव्हाच्या तक्रारींत आखाड्यांवरच्या बंधनांचीही तक्रार होती. उदगीर भागात ही चळवळ किती जोरात होती, हे आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावं लागत नसे. जोर-बैठका काढणं ही इथे केवळ तब्येतीची बाब नव्हती, ती राजकारणाची बाब होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

व्यायामाची परंपरा आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. नांदेडला हल्लाबोलच्या मिरवणुकीत गतका खेळणारी मुलं आपण लहानपणापासून पाहिली. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार देशातले नामांकित मल्ल झाले. पण ही परंपरा लढणाऱ्याची, कुस्ती मारणाऱ्याची होती. ज्याला लढायचं नाही, जिंकायचं नाही, फक्त वाकून चपलेचा पट्टा लावायचा आहे, त्याच्यासाठी तीत जागा नव्हती. आणि मुलींसाठी तर नव्हतीच.

इथे आपल्या शाळेची एक आठवण सांगते. पीटीच्या तासाला मुलं मैदानावर कवायत आणि नमस्कार करत. आम्ही मुली व्हरांड्यात बसून वह्या पूर्ण करत असू. आठवीत असताना एके दिवशी सर आमच्याकडे बघून म्हणाले, "पोरींनो, तुम्हीबी या. मागच्या रांगेत उभ्या ऱ्हावा." आठवडाभर आम्ही गेलो. मग काही पालकांनी हरकत घेतली आणि आम्ही पुन्हा व्हरांड्यात. सरांचा दोष नव्हता, शाळेचाही फारसा नव्हता. माझ्या घरूनही हरकत गेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्यानंतर मी व्यायाम म्हणून काही केलं ते थेट पन्नाशीनंतर. लग्नानंतर मी लातूरकर झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. टँकरच्या रांगेत भरलेल्या घागरी तिसऱ्या मजल्यावर कुणी नेल्या, ते कुणी पाहिलं नाही. माझी कंबर तेव्हापासून धरली. २०१९ च्या योगदिनाचा राज्याचा मुख्य कार्यक्रम आपल्या नांदेडला झाला. मुख्यमंत्री आणि रामदेवबाबा यांच्यासोबत हजारो लोक आसनं करत होते. मी तो लातुरात टीव्हीवर पाहिला, कमरेला पट्टा बांधून.

पुढे धीर करून एका सकाळच्या वर्गाला गेले. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं बघून हलासन केलं आणि पंधरा दिवस मान धरली. चूक माझीच, विचारलं नाही. मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने पाठीवर झोपवून पोट आत ओढायला, श्वास सोडत एकेक पाय उचलायला शिकवलं. "हे पिलाटेसच आहे काकू," ती म्हणाली. त्यातला 'हंड्रेड' नावाचा व्यायाम असा: उताणं झोपून डोकं आणि पाय उचलायचे, हात शरीराशेजारी वरखाली हलवायचे, पाच मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा, असं दहा वेळा, म्हणजे शंभर. मी डोकं उशीवर आणि गुडघे वाकवून करते, आणि अजून साठाच्या पुढे गेले नाही.

दोन्हींतला फरक मला असा जाणवला. योगात एका स्थितीत थांबायचं असतं, पिलाटेसमध्ये सावकाश पण सतत हलायचं असतं आणि सगळा भार पोट-कमरेच्या स्नायूंवर ठेवायचा असतं. पिलाटेसने कंबर सावरली, तेव्हा योगासनं जमू लागली. आता भिंतीचा आणि खुर्चीचा आधार घेताना मला लाज वाटत नाही. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी डोकं खाली करायची आसनं टाळावीत. हाडं ठिसूळ झाली असतील, तर जोर लावून पुढे वाकू नये. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तेव्हा त्या वादाला माझं उत्तर इतकंच. एक आपलं आणि एक परकं, एक जुनं आणि एक नवं, असं हे नाही. एकाच काळात, बहुधा दुखणाईत माणसांनी, स्वतःसारख्यांसाठी शोधलेले हे दोन रस्ते आहेत. आपण उशिरा आलो, त्यात आपला आळस आहेच, पण सगळा दोष आळसाचा नाही. काही दारं आपल्यासाठी उशिरा उघडली. मैत्रिणींसाठी तर आणखी उशिरा.

मेळाव्याच्या सकाळी साडेसहाला मैदानावर जमायचं ठरलं आहे. सतरंजी ज्याची त्याने आणावी. सर येणार आहेत. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, आणि खुर्चीत बसूनही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. या वेळी मुली पुढच्या रांगेत उभ्या राहतील.