मध, पाणी आणि मधली रेघ

रविवारी सकाळी ग्लासभर पाण्यात मध सोडला की तो दोरीसारखा खाली जातो आणि तळाशी वेटोळं घालून बसतो. चमचा फिरेपर्यंत मध वेगळा, पाणी वेगळं, मधली रेघ स्पष्ट. तेल-पाण्याच्या सीमेवर ताण असतो, हे शाळेत शिकलोय. पण ही रेघ तर पुसली जायलाच निघालेली! तिच्यावरही ताण असेल का?

प्रश्न जुना आहे, मंडळी. द्रवाची सीमा म्हणजे धारदार पातं नव्हे, घनता हळूहळू बदलणारा पातळ थर असतो, हे व्हॅन डर वाल्सने १८९३ मध्ये मांडलं. त्याचाच विद्यार्थी, ॲमस्टरडॅमचा गणिती कोर्टवेग. त्याने १९०१ मध्ये समीकरणं दिली : नुसत्या घनतेच्या चढउतारानेही द्रवात ताण येतो. म्हणजे मिसळणाऱ्या द्रवांतही, मिसळून होईपर्यंत, तो असायला हवा. पण मोजायचा कसा? ताण अगदी क्षीण, त्यात गुरुत्वाकर्षण जड द्रवाला खाली ओढणार.

म्हणून अवकाशात करायचं ठरलं. पण १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. (त्या रात्री आमच्या घरी कुणीच टीव्ही बंद केला नाही.) पुढे अडीच वर्षं शटल जमिनीवर, स्थानकात दोनच माणसं, नवी उपकरणं नेणं अवघड. तेव्हा जॉन पोजमन आणि सहकाऱ्यांनी स्थानकात आधीच असलेल्या वस्तूंवर प्रयोग बसवला : मध, पाणी, सिरिंज. शून्य बजेटवर काम केलेल्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको :)

२००४ मध्ये पाण्यात मधाची धार सोडली. पुरेसा ताण असता तर ती तुटून थेंब झाले असते. तुटली नाही. हाती लागली ती फक्त एक वरची मर्यादा : ताण असलाच तर यापेक्षा कमी. वाचून मी चक्क खट्टू झालो.

पण २००६ मध्ये याच मंडळींनी जमिनीवर, गरगर फिरणाऱ्या नळीत वेगळी जोडी घेतली. आयसोब्युटिरिक आम्ल आणि पाणी २६.३ अंश सेल्सियसच्या वर कुठल्याही प्रमाणात मिसळतात, खाली मात्र काही प्रमाणांत वेगळेच राहतात. थंडीत थेंब केला, मग तापवला. थेंब टिकला! कड धूसर झाली नाही, आणि फिरण्याचा वेग बदलला की त्याची जाडी बदले. त्यावरून ताणाचा अंदाज काढता आला. त्या सगळ्या वेळात थेंब बारीक बारीक होतच होता.